मन्मथअप्पांची बुडाखालची मतं

परळीत कुणाच्याही घरी जेवायला बसलात, तर यजमानाची नजर चुकवून हातातला पेला जरा पालथा करून बघा. काठावर 'चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट' असं असेल, ते सगळ्यांच्याच घरात असतं. पण खाली, बुडाला, मुंगीएवढ्या अक्षरात 'पोरगं शाळेच्या नावानं कुठं जातं?' असा प्रश्न कोरलेला दिसला, तर दचकू नका. तो पेला मन्मथअप्पांच्या दुकानातला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

वैजनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर अप्पांचं भांड्याचं दुकान होतं. धोतर, कोपरी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि पोट असं की गल्ल्यावर बसले की गल्ला दिसायचा नाही. भांड्यावर नाव घालून द्यायचं काम ते स्वतः करायचे. आधी छिन्नी-हातोडीनं ठक ठक ठक, आणि नव्वदनंतर बाजारात विजेचं यंत्र आलं तेव्हा भुर्रर्र. पस्तीस वर्षांच्या ठोकाठोकीत त्यांचे कान जवळजवळ गेले होते. त्यामुळं ते कानात कुजबुजले की समोरच्या किराणा दुकानदाराला उत्तर द्यावं लागायचं.

नाव ते फुकट घालून द्यायचे. बुडाखालचं मतही फुकट, आणि ते न विचारता. गिऱ्हाइकानं नको म्हटलं तरी अप्पा मान डोलवायचे, भांडं पालथं घालायचे आणि कोरायचेच. 'टीव्ही बंद करून जेवा.' 'पेपरात आलं म्हणून खरं न्हाई, न्हाई आलं म्हणून खोटं न्हाई.' आणि त्यांचं सगळ्यात लाडकं, जे निम्म्या गावाच्या परातींखाली आजही सापडेल: 'लेकराला उत्तर देऊ नका, वेळ द्या.'

एकदा एक सासूबाई भलं मोठं पातेलं काखेत मारून दुकानात आल्या. लेकाच्या लग्नातलं पातेलं. बुडाला काय, तर 'सूनबी कुणाची तरी लेक हाय.' बाई नुसत्या पेटलेल्या.

"अप्पा, हे कावून लिहिलं ओ तुमी? माझी सून रोज घासताना वाचायलीय अन् गालातल्या गालात हसायलीय! खोडा आधी!"

अप्पांनी पातेलं उलटसुलट करून बघितलं. म्हणाले, "कोरलेलं खोडता येत न्हाई, बाई. पण घासून जातंय. रोज राख लावून घासा. दोन वर्षांत साफ."

"दोन वर्षं?"

"हां. पण सुनंनं घासून न्हाई जायचं. तुमी सोता घासाया पायजे."

बाई पातेलं घेऊन तणतणत गेल्या. रस्त्यावरची माणसं पोट धरून हसत होती आणि अप्पा अगदी गंभीर चेहऱ्यानं पुढच्या तांब्याचं बूड शोधत होते.

मी तेव्हा आमच्या एका जिल्हा दैनिकाचा परळीचा वार्ताहर होतो. वार्ताहर म्हणजे काय, तर सलीमच्या फोटो स्टुडिओत एक टेबल, त्याला एक ड्रॉवर, आणि ड्रॉवरला कुलूप नाही. पेपर सकाळच्या एसटीनं यायचा. पहिला अंक अप्पांच्या दुकानात जायचा आणि दहा वाजता तपासून परत माझ्या टेबलावर यायचा. होय, तपासून! लाल पेन्सिलीनं रेघा, समासात शेरे, आणि पहिल्या पानाच्या डोक्यावर गोलात गुण. दहापैकी. माझ्या सात वर्षांच्या कारकिर्दीत चारच्या वर गेलो नव्हतो. चार मिळाले तेही एकदाच, एका बुधवारी, आणि त्या दिवशी मी अख्ख्या स्टुडिओला भजी खाऊ घातली होती.

गुण कापण्याची त्यांची रीत शास्त्रोक्त होती. पेपर गल्ल्यावर पसरायचा आणि बातम्या बोटांनी मोजायच्या.

"ए पत्रकार, हिकडं ये. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची बातमी किती हाय? एक वीत अन् वर चार बोटं. फोटो धरून. अन् आठ दिवस नळाला पाणी न्हाई, ती बातमी किती? अडीच बोटं! म्हंजे पाण्यापरीस केक मोठा का रे बे?"

"अप्पा, वाढदिवसाची जाहिरात असते. जाहिरातीवरच आमचा पेपर चालतो."

"मग तसं लिव्ह ना वर. 'हा पेपर केकवर चालतो.' म्या लगेच दहापैकी आठ देतो, बघ."

मी खाली मान घालून तीन गुणांचा अंक काखेत मारायचो आणि निघायचो. खोटं कशाला सांगू, आतून चिडायचो. मनात म्हणायचो, भांडी विका ना गपगुमान, पत्रकारिता आमची आम्हाला करू द्या. पण पुढची बातमी लिहिताना हात आपोआप बोटं मोजायचा. वाढदिवसाची वीत हळूहळू माझ्या नकळत आखडत चालली होती, आणि त्याबद्दल संपादकसाहेबांच्या शिव्या मी खात होतो.

मग गावात केबल आली. घराघरांवरून काळ्या वायरी लोंबल्या. अप्पांनी दुकानातच टीव्ही बसवला, तो लाकडी पेटीतला, दोन सरकत्या दारांचा. म्हणाले, "ह्याला दार हाय, ते बंदबी करता येतंय, हे लोकायला दाखवाया पायजे." दुपारी गिऱ्हाईक नसलं की आजूबाजूचे दुकानदार ओट्यावर येऊन बसायचे. कार्यक्रम चालू असेपर्यंत अप्पा गप्प. जाहिरात लागली की आवाज बंद आणि अप्पा चालू.

एक जाहिरात होती, थंड पेयाची. एक तरणाबांड पोरगा डोंगराच्या कड्यावरून उडी मारतो, खाली नदी, आणि मधल्या मध्ये हवेत तो बाटली तोंडाला लावतो. अप्पा उठून टीव्हीपाशी गेले आणि काचेवर बोट ठेवलं.

"हे बघा. हे पोरगं कड्यावरून उडी मारायलंय. ह्याचे मायबाप कुठं हायेत?"

"अप्पा, जाहिरात हाय ती," कापडवाला म्हणाला.

"असंल. पण जाहिरातीतल्या पोराला मायबाप नसत्यात का? तिकडं त्याची माय भाकरी झाकून बसली आसंल अन् हे हितं बाटली प्यायलंय! अन् कुणीबी विचारीना!"

ओट्यावरची माणसं लोळायची बाकी राहिली होती. पण खरं सांगतो, त्यानंतर ती जाहिरात लागली की मलाही त्या पोराच्या आईची काळजी वाटायला लागली. आजही उडी मारणारं कुणी दिसलं की मी मनात म्हणतो, घरी सांगून आलाय का रे?

आणि मार्च महिना आला की अप्पांच्या अंगात यायचं. दहावीची परीक्षा. आमच्याकडं परीक्षा पोरांची आणि कसरत बापांची. केंद्राच्या कंपाउंडवर बाप, झाडावर काका, खिडकीच्या गजाला मामा, आणि सगळ्यांच्या हातात चिठ्ठ्या. पोलीस काठी आपटायचा, माणसं चिमण्यांसारखी उडायची आणि पुन्हा येऊन बसायची. अप्पा दरवर्षी पहिल्या पेपरापासून शेवटच्या पेपरापर्यंत परात आणि उलथनं घेऊन फाटकात उभे राहायचे. खण् खण् खण्!

"उतरा खाली! पोराच्या डोक्यावर डाका घालायलेत! बाप हायेत का दरोडेखोर? लेकराला उत्तर देऊ नका!"

लोक हसायचे, शिव्या द्यायचे. एकानं तर वरून पाण्याची पिशवी फेकली होती. अप्पा भिजले, परात वाजवतच राहिले.

आता खरी गोष्ट. अप्पांची धाकटी लेक महानंदा त्या वर्षी दहावीला होती. हुशार, तोंडाची फटकळ, बापासारखीच ठाम, आणि गणितात ढ. सहामाहीत नापास, पूर्वपरीक्षेत नापास. अप्पांची बायको, गंगाकाकू, एरवी नवऱ्याच्या मतांना हसून सोडून द्यायच्या. पण या वेळी त्यांनी पदर खोचला. उदगीरहून त्यांच्या भावानं स्थळ आणलं होतं.

काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरगी पास झाली तर लातूरला कॉलेजात घाला, मी एक शब्द बोलायची न्हाई. नापास झाली तर वैशाखात लगीन. मग मला काई शिकवू नका. गावाला शिकवता ते लई झालं."

अप्पांनी कबूल केलं. काय करणार! अख्ख्या गावाच्या भांड्यांच्या बुडाखाली 'मुलीला शिकवा' कोरलेला माणूस, आणि स्वतःच्या पोरीचं सगळं शिक्षण गणिताच्या एका आकड्याला टांगलेलं. दोन महिने ते दुकान बंद करून लेकीला घेऊन बसायचे. त्यांना गणित यायचं तेवढं भांड्यांतून यायचं. वर्तुळ म्हणजे परात. त्रिज्या म्हणजे परातीच्या मधनं काठापर्यंत ठेवलेलं उलथनं. वृत्तचिती म्हणजे डालड्याचा डबा. महानंदा वैतागून म्हणायची, "अप्पा, परीक्षेत डबा न्हाई येत!" पण वैतागत का होईना, बसायची.

भूमितीच्या पेपरच्या दिवशी मी आणि सलीम केंद्रावर गेलो. मला दरवर्षीसारखी 'कॉपीचा सुळसुळाट' अशी बातमी करायची होती. फाटकात पोचलो आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. शांतता होती. परात वाजत नव्हती. सलीमला म्हटलं, "अप्पा कुठं गेले रे?" सलीमनं नुसतं बोट दाखवलं.

मागच्या भिंतीला, खोली नंबर सहाच्या खिडकीखाली, अप्पा! दुकानातलं सगळ्यात मोठं पातेलं त्यांनी आणलं होतं, लग्नाच्या पंगतीचं, ते पालथं घालून वर चढले होते. धोतर वर खोचलेलं, पोट भिंतीला दाबलेलं, एक हात गजाला आणि दुसऱ्या हातात चिठ्ठी. पातेल्याच्या बुडावर त्यांच्या दोन टाचांच्या मधोमध मला कोरलेली अक्षरं दिसत होती, एवढ्या मोठ्या पातेल्यावर चांगली बोटभर उंचीची. कुठली ते सांगायला हवं का? 'लेकराला उत्तर देऊ नका, वेळ द्या.'

अप्पा आत तोंड घालून कुजबुजले. त्यांची ती कुजबुज. फाटकातल्या शेंगावाल्यापर्यंत स्पष्ट ऐकू गेली.

"महानंदेऽ! लिव्ह! अ अधिक ब, कंसाचा वर्ग, बरोबर..."

आतून पोरीचा आवाज आला, खणखणीत, बापाचाच गळा.

"अप्पा! बीजगणित परवाच झालं! आज भूमिती हाय! खाली उतरा अन् मला लिहू द्या!"

आणि मग काय हसू फुटलं म्हणता! खोलीतली पोरं, पर्यवेक्षक, कंपाउंडवरचे बाप, झाडावरचे काका, सगळे. पोलिसाची काठी हातातून पडली. एक मामा हसता हसता गजावरून घसरून खाली आला. अप्पांनी दचकून मागं वळून बघितलं, तोंड उघडं, चिठ्ठी तशीच वर धरलेली. आणि सलीमनं खटका दाबला. त्या माणसाचा काही दोष नव्हता, त्याच्या बोटाला सवयच होती ती.

अप्पा खाली उतरले. पातेलं उचललं, काखेत मारलं आणि कुणाकडंही न बघता निघून गेले.

फोटो धुऊन आला. असला फोटो माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही. पहिल्या पानाचा, चार रकानी. आणि मी तो ड्रॉवरमध्ये टाकला. हो, टाकला! सात वर्षं ज्यानं तीन-तीन गुण दिले, त्याच्यावर सूड उगवायची इतकी देखणी संधी, आणि माझा हातच होईना. त्या तोंडाकडं बघून मला हसूही येत होतं आणि कीवही. सलीमला म्हटलं, कुणी विचारलं तर रील खराब झालं म्हणून सांगायचं.

पाच वाजता अप्पा स्टुडिओत आले. खुर्चीत बसले नाहीत.

"फोटो निघाला का?"

"कुठला, अप्पा?"

"पातेल्यावरचा."

"रील खराब झालं बघा."

सलीम भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग ड्रॉवरकडं बघितलं. तो ओढला. फोटो टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट टेकवलं.

"हितं माझ्या जागी दुसरा बाप असता तर छापला असतास का न्हाई?"

"छापला असता."

"कुठं?"

"पहिल्या पानावर."

"मग? सात वर्षं तुला पक्षपाती म्हणत होतो, ते निम्मं गंमत म्हणून. आज तू खरंच झालास बे."

मला राग आला. म्हणालो, "अप्पा, गाव हसेल. उदगीरचे पाहुणे वाचतील. काकू काय म्हणतील? आणि त्या चिठ्ठीत होतं तरी काय? दुसऱ्याच पेपरचं सूत्र! पोरीनं ती हातातसुद्धा घेतली नाही. मी असं लिहितो की धीर द्यायला गेले होते."

"सूत्र होतं. मी लिहिलं होतं. चोर चुकीच्या घरात शिरला तरी चोरच असतोय." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खरोखर हळू झाला. "पोरीला परीक्षेतून उठवलं असतं तर? तिचं तिला येत होतं. मलाच भरवसा न्हवता. सगळ्या गावाला सांगत फिरलो, लेकराला वेळ द्या, अन् सोताच्या लेकीला तीन तास देता आले न्हाईत मला. छाप तू. न्हाई छापलास तर उद्यापासून तुझा पेपर बंद."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. सलीम भिंतीकडं तोंड करून नाक ओढत होता. मी बातमी लिहायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. अप्पांनी पेपर पसरला आणि बातमी स्वतः मोठ्यानं वाचली, मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत. 'आज भूमिती हाय' या ओळीला सगळे हसले, अप्पाही हसले, पोट हलवून हसले. मग बोटांनी बातमी मोजली. एक वीत, दोन बोटं. लाल पेन्सिल काढली. दहा वाजता अंक माझ्या टेबलावर आला. गोलात नऊ!

मी पळत दुकानात गेलो. "अप्पा, एक कशाचा कापला?"

"'प्रतिष्ठित व्यापारी' लिहिलंस. माणूस पातेल्यावर चढून चिठ्ठी द्यायलाय, तिथं प्रतिष्ठा कुठून आली? ते तू मला सांभाळून घ्यायला घातलंस."

पटलं मला. गुण बरोबर कापला होता.

पुढचे काही दिवस गावानं अप्पांना सोलून काढलं. जो तो म्हणायचा, "अप्पा, आज कोणता पेपर?" त्या पातेल्यावाल्या सासूबाईसुद्धा आल्या, पातेलं घेऊन. दणकन गल्ल्यावर ठेवलं. "आता तुमीच घासा. लई शिकवीत होता लोकायला."

अप्पा उठले, राख घेतली आणि दुकानाच्या दारात बसून खरंच ते बूड घासायला लागले. घामाघूम झाले. बाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. पाचेक मिनिटांनी त्यांनीच पातेलं ओढून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या. ऱ्हाऊ द्या ते. पोरगी चांगली हाय माझी सून."

पण अप्पांनी मतं कोरणं बंद केलं. नाव घालायचे, भांडं पुसायचे, द्यायचे. लोकांनाच चुकल्यासारखं व्हायला लागलं. भांडं पालथं करून बघायचे आणि विचारायचे, "अप्पा, खाली काईच न्हाई?" अप्पा म्हणायचे, "सध्या मला काई ठाऊक न्हाई."

जूनमध्ये निकाल लागला. महानंदा पास! गणितात अगदी काठावर, पण पास. तिनंच मला सांगितलं, "काका, वर्तुळाचा प्रश्न आला होता. मी डोळे मिटले अन् परात आणली समोर. उलथन्यासकट." अप्पांनी त्या दिवशी अख्ख्या रस्त्याला पेढे वाटले आणि गंगाकाकूंनी उदगीरला नकार कळवला. वचन म्हणजे वचन.

त्याच महिन्यात आमच्या दैनिकानं लातूरला आवृत्ती काढली आणि मला तिकडं बोलावलं. योगायोगानं महानंदा जायची होती त्याच गाडीत मीही बसलो. त्यानंतर अप्पा मला पुन्हा भेटले नाहीत. परळी सुटली ती सुटलीच. म्हणून ती स्टँडवरची सकाळ मी जपून ठेवली आहे.

अप्पा खिडकीखाली उभे होते. टाचा उंच करून, पोट एसटीच्या पत्र्याला दाबून, एका हातानं गज धरून, दुसऱ्या हातानं जेवणाचा डबा वर देत होते. सगळी गाडी बघायला लागली.

महानंदा डोकं बाहेर काढून म्हणाली, "अप्पा, आज कोणता विषय?"

गाडी हसली. कंडक्टर हसला. अप्पा हसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. घंटी वाजली. गाडी निघाली तरी ते पत्र्याला हात लावून चार पावलं चालत आले. "जेव वेळेवर!" असं कुजबुजले, आणि ते अख्ख्या स्टँडनं ऐकलं.

वळणापलीकडं गेल्यावर पोरीनं डबा मांडीवर घेतला. काठावर तिचं नाव होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, आणि तिनं तो पालथा केला. तीन महिन्यांनी अप्पांनी पुन्हा बूड कोरलं होतं. मुंगीएवढ्या अक्षरात एवढंच: (अ + ब)² =

पुढं काही नव्हतं. उत्तराची जागा अप्पांनी मोकळी सोडली होती.